जनाबाईच्या पाळीवरचा हायड्रोजन

जनाबाईच्या बोडीच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, कुणीतरी लाल फडकं बांधलेली खुंटी ठोकून गेलं, आणि तिला साधं विचारलंसुद्धा नाही. सकाळी म्हैस घेऊन ती पोचली, तर खुंटीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर निळ्या गणवेशातला एक पहारेकरी बसलेला. तो तिलाच म्हणाला, "इकडून जायचं नाही, बाई." स्वतःच्या बोडीवर स्वतःच्या म्हशीला पाणी पाजायचं, तर परक्या माणसाची परवानगी काढायची! जनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू कोन होय रे मले रोखणारा?" ती म्हणाली. "ही पाळ माह्या हातची हाये. तुह्या कंपनीचा जनम नव्हता तवाची."

पहारेकरी बिचारा पोटासाठी आलेला माणूस. त्याने खुर्ची हातभर सरकवून म्हशीला वाट दिली, पण उठला मात्र नाही. रात्रंदिवस खुंटीपाशी कुणीतरी बसलंच पाहिजे असा कंपनीचा हुकूम होता, आणि दिवसपाळी, रातपाळी लावून तो हुकूम पाळला जात होता.

एकोडीच्या पलीकडे पळसटोला म्हणून गाव आहे. तिथे जनाबाईच्या धानाच्या तीन बांध्या, म्हणजे भातखाचरं, उतारावर एकीखाली एक आहेत आणि त्यांच्या डोक्यावर ही बोडी, म्हणजे लहानसं तळं. ते सरकारनं खोदलं नाही की कुण्या मालगुजारानं खोदलं नाही. जनाबाई आणि तिचा नवरा देवाजी यांनी तीन उन्हाळे खपून खोदलं. देवाजी कुदळ मारायचा आणि ही टोपल्यानं माती वर नेऊन पाळीवर टाकायची. तिसऱ्या उन्हाळ्यात तिला सातवा महिना होता. धर्मेंद्र पोटात होता, तरी टोपलं काही खाली ठेवलं नाही. आता धर्मेंद्र नागपुरात नोकरीला आहे, देवाजीला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि बोडी तेवढी जागच्या जागी आहे. अश्विनात पाऊस पाठ फिरवतो आणि धान नेमकं तेव्हाच पोटरीत आलेलं असतं. त्या वेळी बोडीचं एक पाणी दिलं की जनाबाईचं वर्ष निभतं. बोडी गेली तर बांध्या आभाळाच्या भरवशावर आणि जनाबाई लोकांच्या भरवशावर, इतका सरळ मामला होता.

कंपनी आली होती पौषात. ग्रामपंचायतीत सभा झाली, भिंतीवर पांढरा पडदा लागला, आणि पुण्याहून आलेले मोठे साहेब हातात माइक धरून बोलले. जमिनीच्या पोटात खोल, जुन्या खडकात लोखंड असतं, त्याला पाणी लागलं की हायड्रोजन नावाचा वायू तयार होतो, असं त्यांनी सांगितलं. तो जाळला तर धूर नाही, नुसती पाण्याची वाफ. कारखान्यात तो करायचा तर वीज फार खाते, जमिनीतून आयता मिळाला तर देशाचं भलं होईल. इथपर्यंत साहेब खोटं काही बोलले नव्हते, हे कबूल करायला हवं.

मग पडद्यावर दुसरं पान आलं. त्यावर लिहिलं होतं, 'दुर्गम भागातील शोध : व्यावसायिक फायदे.' जमीन स्वस्त, पाणी जागेवर, वस्ती विरळ, मजूर उपलब्ध. साहेब एकेक ओळ कौतुकानं वाचत होते आणि सरपंच माना डोलावत होते.

"साहेब," जनाबाई मागून म्हणाली, "दुर्गम म्हंजे काय?"

"म्हणजे दूर, काकू. जिथे पोचायला कठीण."

"कोनाले कठीण? मी तं इथंच राहते. मले तुमचं पुनं दुर्गम हाये."

सभेत हशा पिकला. साहेबही हसले. जनाबाईला मात्र हसायचं नव्हतं. "म्हंजे हिशेब असा हाये का, आमचं बंदं, जमीन-पानी-मजुरी, स्वस्त हाये म्हून तुमचं परवडते. आमी महाग असतो तं तुमाले देशाचं भलं सुचलं नसतं."

"काकू हुशार आहेत हं!" साहेब म्हणाले आणि पुढचं पान लावलं. हुशार म्हटलं की बाईला उत्तर द्यावं लागत नाही, ही युक्ती शिकलेल्या लोकांना चांगली अवगत असते.

सभेनंतर कंपनीची पोरं गावभर लोखंडी सळया घेऊन फिरली. बांधीच्या धुऱ्यावर, देवळामागे, शाळेच्या मैदानात, जिथे तिथे दोन हात भोक पाडायचं, नळी सोडायची आणि डब्यातल्या मशीनवर आकडा पाहायचा. त्यांच्यात तृप्ती रामटेके नावाची एक मुलगी होती. मोहाडीच्या तहसील कचेरीतले बाबू डोमा रामटेके यांची ही लेक, रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून मशीन तिच्या हाती. दहा दिवस मशीन शून्यावर मुक्काम करून होतं. अकराव्या दिवशी जनाबाईच्या बोडीच्या पूर्वेच्या पाळीवर नळी सोडली आणि मशीन केकाटायला लागलं. आकडा शंभर, पाचशे, हजारांवर गेला. साहेब स्वतः धावत आले, फोटो निघाले, गावात पेढे वाटले गेले. आणि दुसऱ्याच दिवशी ती खुंटी आणि तो पहारेकरी.

पहारेकऱ्यामागोमाग टेकचंद आला. हा साकोलीचा व्यापारी. धानाची खरेदी करायचा, प्लॉट विकायचा, आणि आता कंपनीसाठी जमिनी जमवत होता. तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याचा कागद त्याने जनाबाईच्या ओट्यावर पसरला. बोडी बुजवायची, सपाट करायची, तिथे मोठी मशीन उभी राहून सहाशे मीटर खोल भोक पाडणार.

"अन् बोडीचा मोबदला?" जनाबाईनं विचारलं.

"बोडीचा कायचा मोबदला, काकू? सातबारा पाहा ना." टेकचंदनं बोट ठेवलं. "बोडीची जागा पोटखराब्यात हाये. पोटखराब म्हंजे बिनकामाची जमीन. जिथं पीक होत नाही तिची किंमत कोन लावंल?"

जनाबाईनं त्या बोटाखालच्या ओळीकडे पाहिलं. तीन उन्हाळे, देवाजीच्या हातावरचे फोड, तिच्या डोक्यावरची टोपली, दरसालचं ते अश्विनातलं पाणी, आणि कागदावर खराब! ज्या पाण्यानं बाकीची जमीन पिकते तेच बिनकामाचं, असं लिहिणारा कोण शहाणा तलाठी होऊन गेला असेल त्याला तिनं मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या.

"मी सही नाही करत," ती म्हणाली.

"तीन हप्त्यानं, गुरवारी, मोठे पाहुणे येऊन राहिले, मुंबईचे. त्यांच्या समोर सही झाली पाहिजे. बंद्या गावाचं भलं हाये, अन् तुमी एकल्या आडव्या पडता!"

त्या दिवसापासून गाव तिच्याशी तुटक बोलू लागलं. पोरांना नोकऱ्या लागणार होत्या, रस्ता डांबरी होणार होता, आणि सगळ्यांच्या वाटेत एका म्हातारीची बोडी आली होती. दळण दळायला गेली तर चंद्रकलासारखी जुनी मैत्रीणसुद्धा म्हणाली, "देऊन टाक ना वो, जनाबाई. किती दिवस तुले पुरनार हाये ते पानी?" हे तिला साहेबांच्या दुर्गमपेक्षा जास्त लागलं.

तिकडे खुंटीपाशी आकडा रोज चढत होता. तृप्ती रोज सकाळी नळी लावायची, वहीत लिहायची, आणि जनाबाई तिला चहा आणून द्यायची. भांडण कंपनीशी होतं, पोरीशी नव्हतं.

"मावशी, मले समजूनच नाही राहिलं," तृप्ती एकदा म्हणाली. "हा गॅस खोलातून येते तं त्याच्यासंगं हेलियम नावाचा दुसरा गॅसही थोडा तरी निघाले पाहिजे. इथं तो औषधालेही नाही. मी सरले म्हटलं, नमुना लॅबले पाठवा. ते म्हणतात, वेळ नाही."

जनाबाईला हेलियम समजलं नाही, पण पोरीच्या कपाळावरची आठी समजली. आणखी एक गोष्ट तिच्या नजरेत भरली होती. तिचा दीर गोपीचंद, जो वर्षात दोनदा बोडीकडे फिरकत नसे, तो आता दिवसातून तीनदा तिकडून जायचा. पहारेकऱ्याला बिडी द्यायचा, "किती दिवस बसता, भाऊ?" म्हणून विचारायचा आणि तोंड पाडून परत यायचा. गोपीचंद मुळात भित्रा माणूस. पोलिसाची खाकी दिसली तर रस्ता सोडून बांधीतून जाणारा. तो रोज गणवेशातल्या माणसाशी सलगी करतोय, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

मंगळवारी भर दुपारी तिनं त्याला पळसाखाली गाठलं. "काहून रे गोपीचंद, कंपनीनं तुलेही पहाऱ्यावर ठेवलं काय?"

गोपीचंद पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग एकदम म्हणाला, "वैनी, तिथं माहे तीन टिपाडं हायेत."

"कायचे टिपाडं?"

"रस्त्याच्या डांबराचे, रिकामे. पाळीत गाडले हायेत. त्यात मोहाचा सडवा हाये. पाळीची माती थंडी राहते ना, वैनी. अन् तुह्या पाळीवर कोनी संशय घेत नाही."

दारू गाळण्यासाठी मोहफुलं पाण्यात आंबवत ठेवतात, त्याला सडवा म्हणतात. गोपीचंद हातभट्टी लावतो हे गावाला ठाऊक होतं. टिपाडं कुठे आहेत हेही ठाऊक होतं, कारण अर्धं गाव त्याचं गिऱ्हाईक. पण अशी गोष्ट परक्याला सांगायची नाही हा गावाचा नेम, आणि तो नेम त्यांनी पुण्याच्या साहेबांनाही काटेकोर लावला होता. त्यांची पोरं पाळीवर सळया ठोकत होती तेव्हा सगळे मूग गिळून उभे होते. एकट्या जनाबाईला माहीत नव्हतं, कारण पाळ तिची होती आणि तिच्या हातात फावडं असायचं.

"देवाजीच्या पाळीले भोक पाडलं तू?" जनाबाईचा आवाज चिरकला. "पाळ फुटली असती तं? तीन बांध्या वाहून गेल्या असत्या, मेल्या!"

"चुकलो, वैनी. पन आता काढू तरी कसा? तीन हप्त्यापासून तो बह्याड खुर्चीवरून उठूनच नाही राहिला. दर आठ दिवसांनी रातच्यानं सडवा काढा लागते. आता पार खट्टा झाला असंन. टिपाडाले खाऊन राहिला असंन."

"खाते म्हंजे?"

"खट्टं झालं का लोखंडाले खाते ना. फेस येते, बुडबुडे येतात, झाकण फुगते. मागं एकदा मी झाकण उघडताना तोंडात बिडी होती, तं भपकन पेटलं. मिशा जळाल्या. धूर म्हनशीन तं काईच नाही."

जनाबाई मटकन खाली बसली. लोखंड, पाणी, बुडबुडे, पेटतो आणि धूर नाही. साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं काढून जे सांगितलं होतं, ते गोपीचंदनं मिशा जाळून शिकलं होतं. पहारेकरी जितके दिवस बसून राहील तितका सडवा आंबणार, तितकं लोखंड झिजणार आणि तितका आकडा चढणार. कंपनीचा पहाराच कंपनीचा गॅस पिकवत होता. आधी तिला हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग आठवलं की याच आकड्यापायी तिची बोडी बुजणार आहे, आणि हसू जागच्या जागी विरलं.

ती तडक तृप्तीकडे गेली आणि गोपीचंदचं नाव न घेता सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, लोखंड अन् आंबट. हे तं आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं," ती म्हणाली. तिनं वही उचलली आणि साहेबांच्या तंबूकडे गेली.

बुधवारी सकाळी ती परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "सर म्हणाले, गुरुवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. म्हणाले, आकडा तो आकडा असते, तो कुठून आला ते नंतर पाहू. अहवाल मुंबईले गेला हाये, पेपरात बातमी आली हाये."

"अन् गुरवारच्या मागून काय पाहतात? तवर माही बोडी बुजली राहीन."

"म्या हेच म्हटलं. तं म्हणाले, नोकरी पाहिजे का नको?"

जनाबाईनं तिला चहा दिला. तिला चीड आली होती ती साहेब चुकले म्हणून नाही. माणूस चुकतो. पण चूक कळल्यावर ती झाकायला दुसऱ्याचं तळं वापरायचं, याला काय म्हणावं? ही माणसं खोटं बोलत होती, हे त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडत नव्हती.

संध्याकाळी ती गोपीचंदच्या दारात उभी राहिली. "उद्या पाहुण्यासमोर मी खोदनार हाये. तुले सांगून ठेवते. पळाचं तं पळून जा, लपाचं तं लप."

"वैनी, पोलीस येनार हायेत बंदोबस्ताले! मले जेल होईन!" गोपीचंदची पाचावर धारण बसली. तो पाया पडला, रडला. जनाबाईनं पाय मागे घेतला आणि घरी आली. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही, कारण दीर कसाही असला तरी तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता.

गुरुवारी पाळीवर मंडप पडला. लाल सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, नारळ. मुंबईचे तिघे पाहुणे आले, त्यातले मुख्य पांढऱ्या बुटांचे. बंदोबस्ताला एक जमादार आणि दोन शिपाई होते. टेकचंद कागद आणि पेन घेऊन पुढेच उभा. साहेबांनी खुंटीपाशी नळी सोडायला लावली, आकडा भराभर चढला, आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबायच्या आत जनाबाई फावडं घेऊन मंडपात शिरली. पहारेकरी आडवा आला. "सरक, लेकरा," ती त्याला म्हणाली, "तुह्याशी माहं भांडन नाही." आणि खुंटी उपटून तिनं फावडं मारलं. साहेब ओरडले, टेकचंद धावला, पण कामाची सवय असलेली बाई माती ओढायला लागली की तिला थांबवणं सोपं नसतं. चौथ्या-पाचव्या घावाला खणकन आवाज आला. तिनं मातीत हात घालून झाकण उचकटलं. असा आंबट भपकारा सुटला की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी रुमाल नाकाला लावले आणि मागच्या रांगेतल्या गावकऱ्यांनी तो वास ओळखून माना खाली घातल्या.

"हा पाहा तुमचा सहाशे मीटर खोलचा गॅस!" जनाबाई म्हणाली. "दोन हातावर निंगाला. डांबराचं टिपाड अन् मोहाचा सडवा."

तेव्हा तृप्ती पुढे झाली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं नळी खड्ड्यातून काढली आणि टिपाडाच्या तोंडावर धरली. मशीन असं किंचाळलं की म्हशी बुजल्या. मग तिनं नळी वीस पावलं दूर, कोऱ्या जमिनीत सोडली. शून्य. "सर, मी परवाच सांगितलं होतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि मशीन टेबलावर ठेवून दिलं. जनाबाईला तिचा फार अभिमान वाटला.

आता संपलं, असं जनाबाईला वाटलं. खरं उघडं पडलं, आता पाहुणे साहेबांचा कान धरतील, माफी मागतील, मंडप सुटेल. इतकी वर्षं जगून तिचा असा भाबडा विश्वास होता की खोट्याला धरलं की खोटं संपतं.

पांढऱ्या बुटांचे पाहुणे खड्ड्यात वाकून हसले. मग साहेबांना हिंदीत म्हणाले, "एक जागा खराब निघाली, बाकी भाग तर आहे ना? भोक इथेच मार्चच्या आत सुरू झालेलं दिसलं पाहिजे. गॅस लागतो की नाही तो पुढच्या वर्षीचा प्रश्न. आज शेअर बाजारात भोकाला भाव आहे." जनाबाईला हिंदी चांगलं समजत होतं. तिला वाटलं कुणीतरी कानाखाली वाजवली. म्हणजे गॅसचा आणि या सगळ्याचा संबंधच नव्हता! नसलेल्या गॅससाठी असलेलं पाणी बुजवायचं, आणि ते परवडतं!

साहेबांनी टेकचंदला डोळ्यानं खुणावलं. टेकचंद जनाबाईच्या कानाशी आला. "काकू, आता आयका. जमीन तुमच्या नावावर, माल तुमच्या जमिनीत. म्हंजे गुन्हा तुमच्यावर लागनार. ह्या वयात कोर्ट-कचेरी कायले पाहिजे? सही करा. मंग जमादारले साहेब समजावून सांगतात. नाहीतर बसा जीपमध्ये."

जमादारानं वही काढली होती. त्याचं काम तो करत होता. सगळ्यांसमोर टिपाड निघालं होतं, त्याला नोंद करणं भाग होतं. "बाई, कोनाचा माल हाये हा?" त्यानं विचारलं.

जनाबाईनं गर्दीकडे पाहिलं. अर्ध्या गावाला उत्तर माहीत होतं आणि सगळं गाव जमिनीकडे पाहत होतं. कागद टेकचंदच्या हातात फडफडत होता. गोपीचंदचं नाव घेतलं तर दीर गेला, नाही घेतलं तर ती गेली, आणि सही केली तर बोडी गेली. तिच्या ओठापर्यंत आलेलं नाव तिनं गिळलं. "माह्या पाळीत हाये," ती म्हणाली. "लिहा माहं नाव. पन सही मी करत नाही. जेलात जाईन, बोडी देणार नाही."

"थांबा, साहेब."

गोपीचंद मंडपाच्या मागून पुढे येत होता. धोतराचा सोगा हातात धरलेला, ओठ पांढरे. खाकी पाहून बांधीत उतरणारा माणूस जमादाराच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "टिपाडं माहे हायेत. म्याच गाडले. तीन हायेत, दोन अजून पलीकडं हायेत, दाखवतो. वैनीले काईच माहीत नव्हतं."

"गोपीचंद, चूप राह्य!" जनाबाई ओरडली.

"नाही, वैनी," तो म्हणाला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याचा धीर सुटला असता.

पुढचं भराभर झालं. टिपाडं निघाली, पंचनामा झाला, गोपीचंदनं अंगठा दिला, टेकचंदचा कागद मात्र सहीविना राहिला. शिपायानं त्याच्या दंडाला धरलं तेव्हा जनाबाईचा संयम सुटला. "अहो जमादार, त्यानं तीन टिपाडं गाडले तं त्याले जीप! अन् ह्या लोकांनी अख्ख्या देशाले खोटा आकडा सांगितला, त्यांच्यासाठी तुमच्या वहीत पान नाही काय? त्याचा सडवा गावानं पेला, ह्यांचा सडवा कोन पिऊन राहिलं?"

जमादारानं टोपी नीट केली. "बाई, त्याचं कलम माह्याजवळ नाही," तो म्हणाला. तो खरंच बोलत होता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

गोपीचंद जीपच्या मागच्या बाकावर बसला. जीप हलली तशी त्यानं जाळीला तोंड लावलं. जनाबाईला वाटलं, आता हा रडणार, सोडव म्हणणार.

"वैनी!" तो ओरडला. "पाळीले माती दे! तिन्ही खड्डे सताड उघडे हायेत, पानी जाईन!"

देवाजी गेला त्या दिवसानंतर जनाबाई चारचौघांत रडली नव्हती. आता ती हमसून हमसून रडली, कुणाची भीड न ठेवता. मग पदरानं तोंड पुसून ती फावडं घेऊन खड्ड्यात उतरली. तळाशी ओल दिसायला लागली होती. तिनं माती ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळानं चंद्रकला न बोलता टोपलं घेऊन आली आणि पलीकडच्या खड्ड्यापाशी वाकली.

मंडपातल्या खुर्च्या अजून मांडलेल्याच होत्या. पांढऱ्या बुटांचे पाहुणे त्यातल्या एकीवर बसून फोनवर कुणाला तरी सांगत होते की भाग फार चांगला आहे, आकडे उत्साहवर्धक आहेत, फक्त स्थानिक लोक जरा मागासलेले आहेत.